खुंटीवरचं उकुलेले

जानेवारीतला शेवटचा रविवार, दुपारचे चार.

स्थळ: सांगली, हळदीच्या पेठेमागे आमच्या जुन्या घरमालकांचं घर, खालची पुढची खोली.

हजर: मालकांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो, मिरजेचे दाताचे डॉक्टर, रहिमतपूरचे निवृत्त सुभेदार, शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई, माझे यजमान, आणि मी.

गैरहजर: मालक. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी झोपेतच गेले.

विषय एकच होता, वाद्यांची वाटणी.

आयुष्यभर कचेरीत आस्थापना विभाग सांभाळल्यामुळे चार माणसं जमली की माझा हात आधी हजेरीकडे जातो. त्या दिवशीही मी वहीच्या डाव्या बाजूला वाद्यं लिहिली आणि उजवी बाजू नावांसाठी मोकळी सोडली. काकूंचं म्हणणं साधं होतं. पेठेत नवी हळद यायला लागली होती. हंगामाची धूळ एकदा उडायला लागली की या घरात काही पांढरं राहत नाही. त्याआधी ज्याचं वाद्य त्याच्या घरी जावं.

"माझ्याच्यानं आता पुसणं व्हत न्हाई," त्या म्हणाल्या. "आणि जे वाजतच न्हाई ते पुसायचं तरी कशाला?"

ज्याचं वाद्य त्याच्या घरी. माझ्या नावापुढे काहीही येणार नाही, हे मला वही उघडण्याआधीच माहीत होतं.

मालक हळदीचे अडते. कपडे पांढरे, पण पांढरे फक्त कपाटात असेपर्यंत. नखांच्या कडा, चष्म्याची दांडी, कानाच्या पाळ्या, पायजम्याची खालची पट्टी, सगळं पिवळं. वाचून झालेलं वर्तमानपत्र ते वरच्या मजल्यावर आमच्याकडे पाठवायचे. कोणती बातमी त्यांना आवडली ते पिवळ्या ठशांवरून कळायचं. पेठेत त्यांचा शब्द चालायचा. माल हातात घेऊन, कांडी मोडून, तिचा आवाज ऐकून ते हळद किती वाळली आहे ते सांगत. पूर्वी सौदे रुमालाखाली बोटं दाबून व्हायचे, त्या काळात ते शिकलेले. "आमची बोटं आधीपास्नं बोलत्यात," म्हणायचे. "तोंड आपलं जोडीला."

आणि रविवारी हा माणूस कामातून गेल्यासारखा वागायचा.

"सहा दिवस ज्याला गिऱ्हाईक हाय तेच घेतो," ते सांगायचे. "रविवारी ज्याला गिऱ्हाईक न्हाई ते." या एका नियमावर त्यांनी घरात तुणतुणं आणलं, दिमडी आणली, बुलबुलतरंग आणला, दोन एकताऱ्या आणल्या, त्यातली एक फुटक्या भोपळ्याची. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या भंगारात काही वाजणारं पडलंय असं कळलं की ते विचारायचे, "मागतंय का कोण?" कुणी मागत नाही म्हटलं की मालकांचा चेहरा खुलायचा. उकुलेलेही असंच आलं. कॉलेजजवळचं एक कॅफे बंद पडलं आणि टेबलं-खुर्च्या विकायला निघाल्या. भिंतीवर शोभेला टांगलेलं हे छोट्या गिटारीसारखं वाद्य तसंच राहिलं होतं. मालक ते काखेत मारून घरी आले. कॅफेवाल्यानं सांगितलेलं नाव त्यांना लक्षात ठेवायचं नव्हतं. ते त्याला बारकं म्हणायचे. "बारकं कुठं गेलं?" "बारक्याला ऊन लागतंय, सरकवा जरा."

ही वाद्यं ठेवायची जागा म्हणजे पुढच्या खोलीतली लोखंडी खाट. तिच्यावर सगळा ढीग. रविवारी चारला ते खाटेच्या एका कडेला बसायचे, आणि येईल तो उरलेल्या जागेवर. दिवस मावळायच्या आत घरात जेवणं व्हायची, त्यामुळे काकूंनी ताटं मांडली की मैफल मोडायची. चार ते ताटं, एवढाच कार्यक्रम.

आता हेव्याचं लिहिते. मालकांबद्दल आदर, कौतुक वगैरे पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. मला त्यांचा हेवा वाटायचा आणि अजून वाटतो.

मी मिरजेची. ज्या गल्लीत सितारी घडतात तिच्या शेजारच्या गल्लीत माझं माहेर. माझी सितार तिथेच बनलेली, माझ्या हाताच्या मापाची. गुरुजींकडे पहिले कित्येक महिने मी नुसती बसून ऐकत होते. वाद्य पुसायचं, गवसणी घडी करायची, सतरंजी घालायची. गुरुजी जोवर स्वतः वाद्य उचलून शिष्याच्या हातात देत नाहीत तोवर शिष्याने त्याला हात लावायचा नाही, हा तिथला नियम. ज्या दिवशी त्यांनी माझ्या हातात सितार दिली त्या दिवशी आईनं घरी गोड केलं होतं. मग परीक्षा दिल्या, बोटांना घट्टे पाडून घेतले. लग्न झालं, नोकरी लागली, बदल्या झाल्या. सितारीला वेळ लागतो, शांतता लागते, ऐकणारं माणूस लागतं. तिन्ही एका दिवशी जमत नाहीत. ती गवसणीत घालून कपाटावर ठेवली गेली.

आणि खाली हा माणूस, ज्याला सा कुठे आहे हे पक्कं माहीत नव्हतं, चार तारांवर बोटं फिरवायचा आणि रस्त्यावरून जाणारी माणसं दारात चपला काढायची.

त्यांची वाद्य लावायची पद्धत तर ऐकवत नसे. शेजारी हळद पॉलिश करायचं मशीन होतं. त्याची घरघर चालू झाली की मालक डोळे मिटून ऐकायचे आणि बारक्याची तार त्या घरघरीला जुळवायचे. हंगाम नसला की काकूंच्या फ्रिजला. वीज गेली की वाजवणं बंद. मी न राहवून माझं तानपुऱ्याचं इलेक्ट्रॉनिक यंत्र खाली नेऊन दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"लय गोड हाय," म्हणाले. "पण ह्ये आपल्या घरातलं न्हाई."

यंत्र मी वर आणलं.

उकुलेलेच्या तारांचा क्रम चमत्कारिक असतो. सगळ्यात वरची तार, जिथे भारदस्त आवाज असावा असं कुणालाही वाटेल, तीच बारीक आवाजाची. मी हे त्यांना वाद्याचा दोष म्हणून दाखवलं. दिवसभर सेवाज्येष्ठतेच्या याद्या करणाऱ्या माणसाला असा क्रम सहन होत नाही.

"म्हंजे ह्यात थोरला-धाकटा न्हाई," ते खूश होऊन म्हणाले. "तरीच म्हटलं, भांडण कसं ऐकू येत न्हाई."

आता सेवाज्येष्ठताच काढायची तर खाटेवर पहिला हक्क माझा होता. भाडेकरू म्हणून आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात मी खाली गेले होते. नळ, जिन्यातला दिवा आणि गच्चीची किल्ली, असे तीन विषय घेऊन. मालक एकटेच फुटकी एकतारी लावत बसले होते.

"बसा की," म्हणाले.

मी बसले, आणि बसता बसता सांगितलं की मी मिरजेला सितार शिकले आहे. मालकांनी एकतारी खाली ठेवली. "मग तुमच्यापुढं आमी काय वाजवणार, व्हय?" असं म्हणून हसले, आणि परत उचलून वाजवायला लागले. मला वाटलं, आता म्हणतील घ्या. म्हणाले नाहीत.

त्यानंतर एकेक जण येत गेला आणि मला मागे टाकून पुढे गेला. रहिमतपूरचे सुभेदार आपली हळद घेऊन पेठेत आले होते. पुढच्या रविवारी मी खाली उतरले तर हे मिशीवाले गृहस्थ बुलबुलतरंगाची बटणं दाबत बसलेले, पाठ परेडसारखी ताठ. दाताचे डॉक्टर मालकांची दाढ बघायला घरी आले आणि नंतरच्या रविवारी मोर्चंग वाजवताना दिसले. मोर्चंग दाताला लावून वाजवतात. त्यांच्या पेशंटांनी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे. शिवणाऱ्या बाई काकूंचा ब्लाऊज द्यायला आल्या आणि दिमडीवर बसल्या. बोटात शिवताना घालायचं धातूचं अंगुस्तान तसंच. त्याचा टकटक आवाज मालकांना इतका आवडला की पुढे ते काढायला बंदी.

शेवटी तर माझे यजमान. यांना सूर म्हणजे काय ते कळत नाही. यांचे भाऊ विट्याहून बाहेर पडून सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात लांबलांबच्या शहरांत गेले. हे मागे राहिले आणि त्याचं यांना काही वाटत नाही. असा माणूस. एका रविवारी मी यांना खाली पाठवलं, नळ परत गळतो म्हणून सांगायला. तास झाला तरी वर येईनात. मी गेले तर मांडीवर तुणतुणं, एकच तार, एकच सूर, टुणूक टुणूक, आणि चेहऱ्यावर असा आनंद की आमच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

"नळाचं सांगितलंत का?" मी विचारलं.

"कुठल्या?" हे म्हणाले.

"आवं बसा म्याडम," मालक म्हणाले. "साहेबांचा हात लय चांगला हाय. एक सूर धरत्यात त्यो सोडत न्हाईत."

मी बसले. चहाचे कप मोजून आणले, नंतर विसळले. पुढे तेच माझं काम झालं. कोण येणार, किती चहा, सुभेदारांची शेवटची एसटी कधी, सगळं माझ्याकडे. मालक लोकांना सांगायचे, "म्याडम हायत म्हणून ह्ये चाललंय." या वाक्याने मला कधी बरं वाटलं नाही.

खाटेवरचा ढीग मला बघवत नव्हता. मी भिंतीवर खुंट्या बसवून घेतल्या, प्रत्येकीखाली वाद्याच्या नावाची पट्टी चिकटवली. मालकांनी खुंट्यांचं तोंड भरून कौतुक केलं. पुढच्या रविवारी वाद्यं खाटेवर आणि खुंट्यांवर छत्र्या, पिशव्या, सुभेदारांची टोपी. मी सगळं परत जागच्या जागी लावायची, ते परत खाटेवर ओतायचे. यावरून आमची भांडणं झाली नाहीत, कारण ते भांडायचेच नाहीत.

उकुलेलेच्या बाबतीत तर कहर. दोन-तीन चाली झाल्या की ते बारकं खाटेवर माझ्या बाजूला टाकायचे, अगदी पदराला लागेल असं, आणि पाणी प्यायला आत जायचे. तांब्या खोलीतच असायचा, तरी आत. वाद्य असं उघड्यावर टाकून जायचं म्हणजे काय? कुणी बसलं असतं त्यावर. मी उठून ते पुसायची, पिवळे डाग काढायची आणि त्याच्या खुंटीला अडकवायची. मालक बाहेर येऊन आधी खाटेकडे बघायचे, मग भिंतीकडे.

"लावलं व्हय जाग्यावर," म्हणायचे, आणि काढून घ्यायचे.

आमची बदली साताऱ्याला झाली तरी महिन्यातून एखादा रविवार आम्ही सांगलीला जात राहिलो. हे तुणतुण्यासाठी जायचे. मी यांना सोबत म्हणून.

साताऱ्यातला एक प्रसंग लिहायलाच हवा. आमच्या कचेरीतले एक साहेब निवृत्त होत होते. त्यांना कळलं होतं की मी सितार वाजवते. निरोप समारंभात वाजवा म्हणाले. मी महिनाभर पहाटे रियाज केला. मिरजेला जाऊन तारा बदलून आणल्या. आणि मालकांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी एकदा तरी माझं ऐकावं, आणि ऐकून गप्प बसावं, एवढीच माझी इच्छा होती.

ते आले. काकू आल्या. मागच्या रांगेत बसले, मांडीवर कापडी पिशवी. भाषणं झाली, मी स्टेजवर बसले. आलाप सुरू केला आणि बाजाची, म्हणजे मुख्य तारच तुटली.

जादा तार होती. यादीत लिहून आणली होती. पण तार चढवायला, ताणायला, लावायला वेळ जातो. नवी तार पुन्हा पुन्हा उतरते. लोक खुर्च्या वाजवायला लागले, कुणीतरी शिपायाला समोश्यांचं विचारलं. मी मान खाली घालून तार ताणत होते. आणि मागून आवाज आला. उकुलेलेचा. मालक जागेवरच उभे राहून वाजवत होते, जात्यावर बायका म्हणतात तसली एक साधी चाल. हॉलमधल्या जुन्या पंख्याच्या घरघरीला त्यांनी ते लावून घेतलं होतं, हे मला स्टेजवरून कळलं.

सगळ्या खुर्च्या मागे वळल्या. आमच्या लेखा विभागातल्या बाई, ज्या कधी कुणाशी धड बोलत नाहीत, त्यांनी गायला सुरुवात केली. निवृत्त होणारे साहेब टाळ्यांनी ताल धरत होते. माझी तार लागली तेव्हा समोसे आले होते.

माझं वाजवणं झालं. पंधरा-वीस जणांनी ऐकलं, समोसा खात. कचेरीत अजूनही त्या दिवसाचा विषय निघतो. "तुमच्या त्या बारक्या गिटारवाल्या काकांना परत बोलवा की," असं म्हणतात.

गाडीत बसताना मालक मला म्हणाले, "तुमची तार तुटली. म्हटलं, मानसं उठून जातील. तंवर धरून ठिवली."

मला मदत करायला ते उभे राहिले होते. हे कळल्यावर राग धरायलाही जागा उरली नाही, आणि ते मला जास्त लागलं. त्या दिवसानंतर सितारीची गवसणी मी दोरीने बांधून टाकली.

तर वाटणीचा रविवार.

वाटणी भराभर झाली. बुलबुलतरंग, सुभेदार. मोर्चंग, डॉक्टर. दिमडी, शिवणाऱ्या बाई. तुणतुणं, यजमान. एक एकतारी पेठेतल्या हमालांच्या भजनाला, फुटकी काकूंनी स्वतःकडे ठेवली. मी नाव लिहीत होते, खूण करत होते. शेवटी भिंतीवर एकच उरलं. मालक गेल्यावर खोली आवरताना मीच ते खुंटीला लावलं होतं, त्याच्या नावाच्या पट्टीवर.

"उकुलेले?" मी विचारलं.

"कुणी नेत नसेल तर मी नेतो," डॉक्टर म्हणाले. "दवाखान्यात ठेवतो. पेशंट घाबरलेले असतात, जरा बरं वाटेल."

मी पेन टेकवलं. नाव लिहायचं एवढंच होतं. पेन उमटेना, म्हणजे मी दाबलंच नाही.

"थांबा वाईच," काकू म्हणाल्या. "म्याडम, तुमी काय न्हेणार?"

"मला मालकांनी काही दिलेलं नाही," मी म्हणाले. आवाज कचेरीतला ठेवला.

सुभेदारांनी मान वर केली. "दिल्यालं म्हंजे?"

"तुम्हाला जसं दिलं, तसं."

"मला कुठं दिलं? मी हळदीच्या हिशोबाच्या कागदाची वाट बगत बसलो हुतो. ह्ये खाटंवर पडल्यालं. मला वाटलं टाइपरायटर हाय. दाबून बगितलं."

"मलाही नाही हो दिलं," डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं कुठल्या तरी जुन्या डॉक्टरचं हत्यार आहे. तोंडात घालून बघितलं."

"धुतलं हुतं का?" शिवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"तेव्हा नाही सुचलं."

"मी तर ब्लाऊज घिऊन आल्ते," बाई म्हणाल्या. "काकू आत घालून बघत हुत्या. बसल्या बसल्या बोटं मारली दिमडीवर. मालक काय बोललेच न्हाईत. नुसते सरकून बसले."

मी यांच्याकडे बघितलं. हे तुणतुण्याची तार पुसत होते.

"मला वाटलं तुला माहीत आहे," हे म्हणाले.

"आवं, त्यांनी कुणाच्या हातात दिलंय कवा?" काकू म्हणाल्या. "त्यांच्या गावाकडं भजनाला टाळांचा ढीग मधी असतो. आला त्यो उचलतो. हातात दिलं की वाजवच म्हटल्यागत हुतंय. मानूस लाजतो. म्हणून तर ती खाट. तुमी आपल्या खुंट्या बसवल्या."

हे शेवटचं वाक्य त्यांनी प्रेमानेच म्हटलं.

"आमच्याकडे गुरुजींनी हातात दिल्याशिवाय वाद्याला शिवायचं नसतं," मी म्हणाले. "मी वाट बघत होते."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या, मग खाली बसल्या.

"आणि ते तुमची वाट बगत हुते," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी तर ते पानी प्यायला उठायचे. न्हाईतर त्या मानसाला तहान कवा लागत हुती? बारकं तुमच्या म्होरं ठेवायचे आणि आत येऊन दाराआड हुभं ऱ्हायाचे. मला म्हनायचे, आता उचलतील बघ. गप ऱ्हा, भांडं वाजवू नगं."

"मग?"

"मग खुंटीचा आवाज यायचा."

सुभेदार खिडकीबाहेर बघायला लागले.

"म्हनायचे, शिकल्याल्या बाई हायत, आपलं बारकं कशाला वाजवतील. चेहरा पडायचा जरा. आणि पुढल्या रविवारी पुन्ना ठेवायचे."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण आधी आला तो राग. सुभेदारांना टाइपरायटर वाटला म्हणून वाद्य मिळालं, डॉक्टरांना हत्यार वाटलं म्हणून. काही कळत नव्हतं म्हणून त्यांना मिळालं. एक शब्द सांगायला त्या माणसाला काय झालं होतं? "घ्या" एवढाच. पेठेत दिवसभर ओरडून माल विकणारा माणूस. आणि त्याच वेळी, राग चालू असताना, मला सगळ्या खोलीचा हेवा वाटत होता, अगदी अंगुस्तानाचाही.

काकू उठल्या. भिंतीवरून उकुलेले काढलं आणि खाटेवर माझ्या बाजूला ठेवलं, पदराला लागेल असं.

"आलेच हं मी," म्हणाल्या. "पानी पिऊन येते."

आणि आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला नाही.

सुभेदार बुलबुलतरंगाची पेटी बांधायला लागले, जी बांधून झाली होती. डॉक्टर मोबाईल बघायला लागले. शिवणाऱ्या बाईंनी दिमडीवर मान खाली घातली. फक्त हे माझ्याकडे सरळ बघत होते. नायलॉनच्या चार तारा, चारही पिवळ्या. मी पुसूनही तो रंग कधी गेला नव्हता. शेजारचं मशीन सुरू होतं.

मी वही मिटली आणि म्हणाले, "सुभेदारांची गाडी आहे. निघायला हवं. हे पुढच्या वेळी बघू."

काकू लगेच बाहेर आल्या. खाटेकडे बघितलं. भिंतीकडे बघायची गरज पडली नाही.

"असू दे तिथंच," म्हणाल्या. "मी न्हाई हलवणार. आणि हातात तर मुळीच न्हाई देणार. त्यांनी दिलं न्हाई, मी कशाला देऊ?"

परत येताना कराडपर्यंत हे मांडीवरचं तुणतुणं सांभाळत होते. मग म्हणाले, "उचलायचं होतंस की."

"सगळे बघत होते."

"कुणी बघत नव्हतं. न बघायचाच तर खटाटोप चालला होता सगळ्यांचा."

साताऱ्यात आता हे रोज चहानंतर गॅलरीत बसून तुणतुणं वाजवतात. मशीन नाही म्हणून आमच्या मिक्सरला लावून घेतात, आणि मला सांगतात, जरा चटणी वाट. टुणूक टुणूक ऐकून वरच्या मजल्यावरच्या आजी खाली येऊन बसायला लागल्या आहेत. मी स्वयंपाकघरात असते. तिथून हेवा नीट ऐकू येतो.

सितारीच्या गवसणीची दोरी मी सोडली आहे. तारा गंजल्या आहेत, त्याचं काम वेगळं लिहिलंय. डॉक्टरांचा अधूनमधून फोन येतो. "मॅडम, घाई नाही. पण ते उकुलेले अजून तिथेच आहे ना?" मी सांगते, निर्णय प्रलंबित आहे.

परवा काकूंना फोन केला. हंगाम भरात आलाय, पेठेत पाय ठेवायला जागा नाही म्हणाल्या. खाट तशीच आहे. बारक्यावर हळद बसायला लागली आहे, वरून आता लाकूडसुद्धा दिसत नाही.

"पुसून ठेवता का जरा?" मी विचारलं.

"पुसणारी म्या न्हवं," त्या म्हणाल्या. "तुमी या की कवातरी. मी आत जाऊन थांबते."

त्या बैठकीच्या यादीतली बाकीची सगळी कामं पूर्ण आहेत, खुणा झालेल्या आहेत. एक ओळ दर सोमवारी मी पुढच्या आठवड्याच्या पानावर उतरवून घेते. आजही घेतली. सांगलीला जाणे, खाटेवरून उकुलेले उचलणे.